'सर्व' दिसलं की काट मारायची?

सीसॅटच्या (यूपीएससी पूर्व परीक्षेतला आकलन-तर्कशक्तीचा पेपर) टेलिग्राम ग्रुपांवर रीझनिंगचे, म्हणजे तर्काच्या प्रश्नांचे 'रामबाण नियम' फिरत असतात. पर्यायात 'सर्व', 'फक्त', 'कधीच नाही' दिसलं की काट मारा. पहिल्यांदा सुचलेलं उत्तर बदलू नका. दोन पर्यायांत अडकलात तर प्रश्न सोडा.

पहिला नियम सगळ्यांत घातक, कारण तो अर्धवट खरा आहे. उतारा 'बहुतेक शेतकरी' म्हणतो आणि पर्याय 'सर्व शेतकरी', तेव्हा पर्याय बाद होतोच. पण उताऱ्यात तेवढा दावा नाही म्हणून, शब्द टोकाचा आहे म्हणून नव्हे. आता हे घ्या: सर्व कावळे पक्षी आहेत, सर्व पक्षी प्राणी आहेत. 'सर्व कावळे प्राणी आहेत' हा निष्कर्ष बिनचूक निघतो. 'काही प्राणी कावळे नाहीत' हे मवाळ आहे, व्यवहारात खरंही आहे, पण दिलेल्या विधानांतून निघत नाही. नियम पाळणारा नेमका यालाच टिक करून येतो.

युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय निवडायचा असेल तर नियम चक्क उलटा पडतो. 'हेल्मेटसक्तीनंतर शहरात दुचाकीस्वारांचे मृत्यू घटले, म्हणजे ते सक्तीमुळेच घटले.' याला सुरुंग कशाने लागेल? 'काही चालक हेल्मेटचा पट्टा लावत नाहीत' याने, की 'सक्ती नसलेल्या शेजारच्या सर्व शहरांतही मृत्यू तेवढेच घटले' याने? पहिल्याने दाव्याला ओरखडाही पडत नाही. दुसऱ्याने कारणच डळमळतं.

'पहिलं उत्तर बदलू नका' हे तर तपासून झालंय. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड मोजली. बदललेल्या उत्तरांपैकी चुकीचं बदलून बरोबर केलेली ५१ टक्के, बरोबरचं चूक केलेली २५ टक्के. (आपल्याकडे ओएमआर उत्तरपत्रिकेवर पेनाने भरलेला गोल खोडता येत नाही, त्यामुळे फेरविचार प्रश्नपत्रिकेवरच उरका.)

राहिला प्रश्न सोडण्याचा. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये बरोबर उत्तराला २.५ गुण, चुकीला एक तृतीयांश, म्हणजे ०.८३ कपात. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर अंदाजाने ठोकलेल्या उत्तराची सरासरी कमाई शून्य, खुशाल सोडा. पण दोन पर्याय कारण देऊन बाद केले असतील (शब्द बघून नव्हे), तर अशा दहा प्रश्नांत सरासरी पाच बरोबर, पाच चूक: १२.५ वजा ४.१७, हाती सव्वाआठच्या वर. पात्रतेला २०० पैकी ६६ लागतात.