ताबा त्यांचा होता, मालकी नव्हती

‘जमीन ज्याच्या ताब्यात, त्याचीच. बाकीच्या देशांनी मान्यता नाकारणं म्हणजे निव्वळ कागदी नाटक. अमेरिकेनं बाल्टिक देशांबाबत (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) पन्नास वर्षं हेच केलं, काय उपयोग झाला? सोव्हिएत संघ आपल्या मरणानं मेला म्हणून ते सुटले. तसंही मान्यता नाकारल्यानं भोगतात ती तिथली साधी माणसंच. आणि प्रत्येक देश हे सोयीनं करतो. तेव्हा युक्रेनकडून घेतलेला क्रिमिया रशियाचा म्हणून मोकळं व्हावं.’

अशा आशयाचा मजकूर सध्या हातोहात फिरतोय. रोखठोक वाटतो, म्हणून पुढे ढकलायलाही सोपा. त्यात चार वेगवेगळे दावे एकमेकांत गुंतवलेत. ते सुटे करून पाहू.

‘कागदी नाटक’. कागदी आहे, मान्य. पण मालकी ही गोष्टच कागदाची असते; कागदाशिवाय असतो तो फक्त ताबा. जून 1940 मध्ये सोव्हिएत फौजा एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियात शिरल्या. जुलैत एकाच यादीतले उमेदवार उभे करून ‘निवडणुका’ झाल्या आणि ऑगस्टमध्ये तिन्ही देश संघात सामील करून घेतले गेले. अमेरिकेनं विलीनीकरणाची वाट पाहिली नाही. 15 जुलैलाच आदेश काढून या तीन देशांची आपल्याकडची मालमत्ता गोठवली, आणि 23 जुलैला प्रभारी परराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांनी हे देश गिळंकृत करणं मान्य नसल्याचं निवेदन काढलं. 1932 मध्ये जपाननं चीनचा मंचुरिया बळकावला तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री स्टिमसन यांनी जपानला असंच कळवलं होतं आणि जपान ढिम्म हलला नव्हता. या वेळी शब्दांसोबत तिजोरीलाही कुलूप लागलं, हा फरक.

त्या कुलपाचे परिणाम बघण्यासारखे आहेत. वॉशिंग्टनमधली लाटव्हियाची वकिलात चालूच राहिली आणि तिचा खर्च गोठवलेल्या पैशातून निघत राहिला. नकाशावर देश नाही, पण त्याच्या नावाचे पासपोर्ट निघताहेत आणि अमेरिकेत ते चालताहेत. न्यूयॉर्कला एस्टोनियाच्या वकिलातीतले अर्न्स्ट याकसन 1932 पासून होते ते तिथेच राहिले. रॉकफेलर सेंटरमधल्या एका कचेरीतून एका गायब देशाचं काम बघत राहिले. अमेरिकी सरकारच्या नकाशांवर तर चक्क टीप छापलेली असे, की या तीन देशांचं सोव्हिएत संघातलं विलीनीकरण अमेरिकेनं मान्य केलेलं नाही. मॉस्कोत राजदूत ठेवायचा, करारमदार करायचे, आणि नकाशावरची ती टीप मात्र खोडायची नाही.

उलट बाजूनं तपासायचं असेल तर इथिओपियाचा दाखला घ्या. 1936 मध्ये इटलीनं तो देश जिंकला आणि सम्राट हैले सेलासी इंग्लंडमध्ये आश्रयाला गेले. केबल अँड वायरलेस कंपनीकडे इथिओपियाची तारायंत्राच्या करारातली दहा हजार पौंडांहून थोडी जास्त रक्कम येणं होती. सम्राटांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि जुलै 1938 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, कारण ब्रिटनच्या लेखी कायदेशीर सम्राट तेच होते. कंपनी अपिलात गेली. नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारनं इटलीच्या राजाला इथिओपियाचा सम्राट म्हणून मान्यता दिली, आणि डिसेंबरात त्याच येण्यावर हक्क इटलीचा ठरला. सम्राट तेच, करार तोच, पैसेही तेवढेच. बदललं ते एवढंच: लंडनच्या परराष्ट्र खात्यातून कोर्टात आलेल्या कागदावरचं नाव. ‘नाटका’चा भाव यापेक्षा नेमका कसा दाखवायचा?

‘सोव्हिएत संघ मेला म्हणून सुटले’. यात अर्धं खरं आहे. मान्यता नाकारल्यानं एकही रणगाडा मागे गेला नाही, आणि युक्रेनसारखे देश असं कवच नसतानाही 1991 मध्ये स्वतंत्र झालेच. पण तारखा बघा. मॉस्कोनं बाल्टिक देशांचं स्वातंत्र्य मान्य केलं 6 सप्टेंबर 1991 ला. संघ विसर्जित झाला डिसेंबरअखेर. आणि सुटले ते कोण म्हणून? नवं राष्ट्र म्हणून नाही, तर मधली पन्नास वर्षं बेकायदा कब्जात असलेलं जुनंच राष्ट्र म्हणून. त्यामुळे सोव्हिएत कर्जाचा वाटा त्यांनी उचलला नाही. (याच तर्कानं एस्टोनिया आणि लाटव्हियानं 1940 नंतर तिथे येऊन वसलेल्या लाखो लोकांना आपसूक नागरिकत्व दिलं नाही. ही त्याची कडू बाजू, आणि तीही खरीच आहे.)

‘साधी माणसं भोगतात’. हा आक्षेप कोर्टानं फार पूर्वी ऐकलाय. नामिबियातला दक्षिण आफ्रिकेचा अंमल बेकायदा ठरवताना 1971 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, की जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदी धुडकावून तिथल्या रहिवाशांचं नुकसान करायचं नाही. आणि साधी माणसं म्हणजे फक्त आत राहणारी नव्हेत. ज्यांना हाकलून दिलं तीही आहेतच. 1974 पासून तुर्कस्तानच्या ताब्यात असलेल्या उत्तर सायप्रसमध्ये एका ब्रिटिश जोडप्यानं जमीन घेऊन बंगला बांधला. ती जमीन तेव्हा परागंदा झालेल्या ग्रीक सायप्रियट कुटुंबाची होती. निकोसियाच्या (सायप्रस सरकारच्या) कोर्टानं बंगला पाडून जमीन परत करायला सांगितलं, आणि 2009 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं म्हटलं, की हा निकाल ब्रिटनमध्येही बजावता येईल. उत्तरेतल्या कारभाराला मान्यता देऊन टाकली असती तर त्या कुटुंबाच्या हाती काय उरलं असतं?

‘सोयीनं करतात’. करतात की. सीरियाकडून जिंकलेल्या गोलान टेकड्यांवर इस्रायलचं सार्वभौमत्व अमेरिकेनं 2019 मध्ये मान्य केलंच. 2014 मध्ये क्रिमियाच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 100 देश युक्रेनच्या बाजूनं, 11 विरोधात आणि 58 तटस्थ होते, तटस्थांत भारतही. पण एखादा नियम वाकवला जातो म्हणून तो नसलेला बरा, हे अनुमान कुठल्या तर्कशास्त्रात बसतं ते मला कळत नाही.

आणि सोयीचाही हिशेब कधीतरी येतोच. स्वीडननं बाल्टिक देशांचं विलीनीकरण लगेच मान्य करून 1940 मध्येच एस्टोनिया आणि लिथुआनियाचं आपल्याकडे ठेवलेलं सोनं मॉस्कोला देऊन टाकलं. ब्रिटननं 1967 मध्ये आपल्याकडचं बाल्टिक सोनं विकून सोव्हिएत संघाशी जुने हिशेब मिटवले. 1992 मध्ये दोघांनाही भरपाई करून द्यावी लागली, स्वतःच्या तिजोरीतून.