खुनी साहेब, कार्पेट किती देणार?

अख्खा सिनेमा करायचा नव्हता. नुसती सुरुवात, तीही दोन मिनिटांची. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला 'थ्रिलरची सुरुवात' असा प्रकल्प असतो. दोन मिनिटांत घाबरवायचं, कोडं घालायचं, मध्ये मध्ये नावं दाखवायची आणि ऐन मोक्याला थांबायचं. पुढचा सिनेमा नसतोच. त्याऐवजी 'आम्ही काय केलं आणि का केलं' यावर पानंच्या पानं चिंतन लिहून द्यायचं असतं. सरांच्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न होता, 'तुमच्या फिल्मने थ्रिलरचे कोणते संकेत पाळले आणि कोणते मोडले?' सरांना हवं तसं उत्तर मी रीतसर टाइप करून दिलंय. खरं सांगायचं तर संकेत आम्ही सगळे पाळत होतो, मोडले ते सदाशिव पेठेने.

थ्रिलरचं सगळं शास्त्र माहिती दडवण्यावर उभं असतं. कोण आलंय, कशाला आलंय, पिशवीत काय आहे, काही सांगायचं नाही. आमच्या पेठेचं शास्त्र नेमकं उलटं. कोण आलंय, कोणाकडे आलंय, पिशवीत काय आहे, मंडईत ते कितीला मिळतं आणि तुम्हाला कितीला लावलं, हा सगळा तपशील माणूस जिना चढायच्या आत हाती यायला हवा. या दोन शास्त्रांची गाठ मी घालून दिली, कारण लोकेशन फुकट होतं.

लोकेशन म्हणजे आजीचा वाडा. अंधारा बोळ, दिंडी दरवाजा, आत चौक, आणि वर जाणारा लाकडी जिना. त्याच्या एका पायरीवर पाय पडला की ती असा काही आवाज काढते, की साउंडवाल्याने तिला पाया पडून नमस्कार केला. जिन्याच्या डोक्यावर एक पिवळा बल्ब आणि त्याच्याभोवती निदान दोन पिढ्यांची जळमटं. इथे कॅमेरा नुसता ठेवला तरी भीती वाटेल अशी माझी खात्री होती. वाड्यातल्या लोकांनाही वाटते ती. छप्पर पडेल अशी.

वर्गात सरांनी हिचकॉकचं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारत बसलीत आणि एकदम स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब आधीच दाखवला आणि तो एक वाजता फुटणार हे कळू दिलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा प्रेक्षक पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. याला म्हणतात सस्पेन्स. मी भारावून जाऊन हे आजीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण केर काढताना दिसला असता की रे."

आमची गोष्ट साधी होती. वाड्यात मुलगी एकटी. फोन वाजतो, पलीकडे कोणी बोलत नाही. काळं जॅकेट घातलेला एक माणूस हातात फाइल घेऊन जिना चढतो. दाराची कडी हलते. संपलं. फाइलमध्ये काय आहे ते पुढच्या, म्हणजे नसलेल्या सिनेमात कळणार. खुनी म्हणून वर्गातला सगळ्यात उंच मुलगा घेतला. तो लातूरचा, होस्टेलवर राहणारा, पुण्याला अजून जरा बिचकूनच असलेला. त्याला बजावून ठेवलं होतं, काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही, नजर खाली, चाल संथ. गूढ वाटलं पाहिजे.

आम्ही वरच्या सज्जात कॅमेरा लावून दबा धरून बसलो. खुनी दिंडी दरवाज्यातून वाकून आत आला. प्रकाश सुंदर पडला होता. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकांचा ओट्यावरून आवाज आला.

"कोण पाहिजे?"

खुनी गप्प.

"अहो, तुम्हाला विचारतोय. कोण पाहिजे?"

खुनी गप्पच. नजर खाली, चाल संथ.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वाड्याच्या रीडेव्हलपमेंटचं घोंगडं माझ्या जन्माच्या आधीपासून भिजत पडलंय. बिल्डर बदलतात, नकाशे बदलतात, भाडेकरूंच्या सभा होतात, त्यात चहा होतो. अशा वाड्यात भर दुपारी एक अनोळखी, टापटीप, काही न बोलणारा माणूस हातात फाइल घेऊन शिरला, तर तो कोण असणार हे काकांना विचारायची गरजच उरली नाही. त्यांनी आत तोंड करून हाक दिली, "अहो, ऐकलंत का? आलाय तो!"

एकेक दार उघडलं. ज्या चौकात मला निर्मनुष्य शांतता हवी होती, तिथे अर्ध्या मिनिटात सभा भरली.

"कार्पेट किती देणार, म्हणजे भिंती सोडून वापरायची जागा किती, तेवढं आधी बोला," काका म्हणाले. "बिल्ट-अपच्या गोष्टी आम्हाला सांगू नका."

"आणि लिफ्ट कुठल्या कंपनीची?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू.

"मागच्या वेळी तुमचे साहेब पार्किंग देतो म्हणाले होते. आमच्याकडे गाडी नाही, पण पार्किंग हवंय."

खुन्याने पात्र सोडलं नाही, हे मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहीन. तो मान खाली घालून उभा राहिला. त्यामुळे सभेचा संशय बळावला. "बघा, बोलत नाहीये. म्हणजे कमीच देणार." मग बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी, कागदपत्रं बघितल्याशिवाय चर्चा कसली, असं म्हणत फाइल त्याच्या हातातून काढून घेतली, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला लागले. फाइलमध्ये आमची शॉट-लिस्ट होती.

"मुलगी घरात एकटी. बाहेरून कडी हलते. मुलीचा गळा, जवळून. रक्त, पायरीवरून खाली..."

चौकात जी शांतता पसरली, तशी मी उभ्या आयुष्यात रेकॉर्ड करू शकणार नाही. मग काकू म्हणाल्या, "जागा रिकाम्या करून घ्यायला आता ही माणसं पाठवायला लागले?"

मी सज्जातून ओरडत, जिना उतरत, ती नामांकित पायरी तुडवत खाली पोचलो आणि खुलासा केला. लोकांना हायसं वाटलं असेल असं वाटेल तुम्हाला. छे! सगळ्यांचा विरसच झाला. बिल्डर नाही म्हणजे परत वाट बघणं आलं. खुन्याला मात्र ओट्यावर बसवून चहा दिला गेला. काकांनी विचारलं, कुठले तुम्ही? लातूर, तो म्हणाला. त्या दिवसातला त्याचा पहिला शब्द. "लातूर? मग तूरडाळ चांगली मिळत असेल," काका म्हणाले, आणि पुढची पंधरा मिनिटं खुनी डाळीचे भाव सांगत होता. हा शॉट आमच्याकडे आहे. त्याच्या चेहऱ्यावरची भीती इतकी अस्सल आहे की काय सांगू, पण फ्रेममध्ये अख्खा वाडा आहे, त्यातले निम्मे कॅमेऱ्याकडे बघतायत.

प्रकाशाची भानगड वेगळी. खोलीत ट्यूबलाइट, जुनी, चोकवाली. मोबाइलवर शूट केलं की पडद्यावर करडे पट्टे वरून खाली सरकायचे. आमच्या कॅमेरावाल्याने याला 'भुताटकी' असं नाव देऊन ते ठेवून द्यायचा प्रस्ताव मांडला. खरा उलगडा केला तो पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइलचं शटर सेकंदाच्या एक साठांशावर होतं, ते एक पन्नासांशावर आणलं की मेळ जमतो. "पन्नासच्या पाढ्यात ठेव," एवढं बोलून तो शिडीवर चढला. आमच्या कॉलेजची फी बघता त्या माणसाला काहीतरी मानधन द्यायला हवं होतं.

मध्यरात्रीचं दृश्य आम्ही भर दुपारी घेतलं. हे खोटं काम नव्हे, जुनं तंत्र आहे. एक्स्पोजर मुद्दाम खाली आणायचं, चित्राला निळी झाक द्यायची, आकाश फ्रेमबाहेर ठेवायचं, की ऊन चांदणं म्हणून खपतं. खपलंही. फक्त त्या चांदण्यात दोरीवरचे पंचे वाऱ्यावर हलतायत आणि रात्रीच्या दोनला पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेला एक मुलगा शाळेतून घरी येतोय. काकांना हा प्रकार वेगळ्या कारणाने पसंत पडला नाही. रात्रीचं काम रात्री करावं, दुपारी माणसं झोपतात, असं त्यांचं म्हणणं. रात्रीही झोपत असतील की, असं मी म्हणालो नाही. वाडा अजून आजीच्या नावावर आहे, आणि तोही भाड्याने.

रक्तासाठी कोकमाचं आगळ गुळाच्या पाकात घालून घट्ट केलं. रंग फार छान आला. मुंग्यांनाही तेच वाटलं.

पण आमचा खरा अंत पाहिला तो आवाजाने. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, ती अर्धा मिनिट तरी वेगळी रेकॉर्ड करून ठेवायची आणि संकलनात शॉट्सच्या जोडाखाली अंथरायची, असा नियम आहे. शांतता रेकॉर्ड करायची, हे वाक्य सदाशिव पेठेत उच्चारून बघा. कुकरची शिट्टी, मालिकेतल्या सासूचं हुंदके देणं, सायलेन्सर काढलेली बुलेट, आणि या सगळ्याखाली, नदीच्या बाजूने येणारा ढोलपथकांचा सराव. गणपतीला अजून महिना-दीड महिना होता. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिने इथे चांगला मोठा स्टुडिओ बांधला. पुढे १९६० साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. लॉ कॉलेज रोडवरून जाताना मी आता त्या कंपाउंडकडे फार आदराने बघतो. पुण्यात शूटिंग करायचं तर आधी जाड भिंती हव्यात, हे प्रभातच्या दामले-फत्तेलालांना तेव्हाच उमगलं असावं अशी माझी समजूत आहे.

ढोलाची अडचण अशी, की एका शॉटमध्ये ठेका एका जागी असतो, कट मारला की भलत्याच जागी. मुलगी मान वळवते तेवढ्यात पथक दोन आवर्तनं खाऊन बसतं. साउंडवाला दोन रात्री झोपला नाही आणि शेवटी त्याने वैतागून एकच सलग ढोल पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून टाकला. सरांनी तेवढाच भाग दोनदा बघितला आणि म्हणाले, "सार्वजनिक उन्मादात एकट्या व्यक्तीची किंकाळी हरवते, हे तुम्ही ध्वनीतून फार परिणामकारक मांडलंय." आम्ही माना डोलावल्या. घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं चिंतनात घातलं. आमच्या फिल्ममध्ये किंकाळी नाहीये.

मार्क बरे पडले. प्रश्नावलीत 'तुमचा प्रेक्षकवर्ग कोण?' असाही प्रश्न होता. त्यावर 'पंधरा ते पंचवीस वयोगटातले शहरी तरुण' असं सगळ्यांनीच लिहिलं. आमचा प्रेक्षकवर्ग साठ ते पंच्याऐंशी निघाला. वाड्यात कळल्यावर फिल्म दाखवणं भागच होतं. काकांच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला, सगळे सतरंजीवर बसले, खारे दाणे फिरले. दोन मिनिटं संपली. काळा पडदा.

"पुढे लाव," काका म्हणाले.

"एवढंच आहे."

"एवढंच कसं? कडी हलली ना? आत कोण येतो मग?"

"ते नाहीये, काका. प्रकल्प फक्त सुरुवातीचा होता."

"म्हणजे हा कोण, कशाला आला, हे तुला स्वतःला माहीत नाही?"

मी नाही म्हणालो. आमच्या पेठेत माहिती दडवणाऱ्याला एक वेळ माफी मिळेल, माहितीच नसणाऱ्याला नाही. चौकशी तिथल्या तिथे सुरू झाली. काकूंच्या मते मुलीचं बाहेर काहीतरी असणार. बँकवाल्या आजोबांना मृत्युपत्राचा वास येत होता. आजीने जाहीर केलं की जॅकेटवाला बिचारा चांगल्या घरातला आहे, त्याला उगाच पुढे केलंय, खरा गुन्हेगार वाड्यातलाच असणार. यावर सगळ्यांनी एकमेकांकडे नीट बघून घेतलं. दाण्याचं ताट फिरायचं थांबलं. शेवटी काकांनीच घसा खाकरला.

"हे बघ," ते म्हणाले, "खून मीच केला असं लिहून टाक. माझी हरकत नाही. फक्त शूटिंग एक ते चारमध्ये ठेवू नकोस."