नवी आवृत्ती आली म्हणून गटार मोजायचं थांबत नाही

सध्या एक संदेश फार फिरतोय. पाण्याचा निचरा आणि पूर यांचं गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांबद्दल तो आहे. त्यात म्हटलंय की आता गटार, रस्ता आणि नदी एकाच मॉडेलमध्ये बसतात, त्यामुळे जागेवर जाऊन मोजमाप करायची गरज उरली नाही. उपग्रहावरून मिळालेला उंचीचा नकाशा घाला, पाऊस घाला, उत्तर तयार. सॉफ्टवेअर चूक ०.१ टक्का दाखवतं, म्हणजे उत्तर ९९.९ टक्के बरोबर. ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर कुठल्या दारात किती सेंटिमीटर पाणी चढेल तेही सांगता येतं. कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यामुळे कॅलिब्रेशन (मॉडेल प्रत्यक्ष मोजणीशी जुळवणं) संपलं. आणि शेवटी, जुन्या आवृत्तीवर केलेले अहवाल रद्दीत काढा.

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या खऱ्या सुधारणेवर बेतलेलं आहे, म्हणूनच ते पटतं. पण प्रत्येक वाक्य त्या सुधारणेच्या बरंच पुढे जातं. अशा नकाशांवरून कुठे मोठा पाइप टाकायचा, कुठे पंप बसवायचा, कोणाला आधी हलवायचं हे ठरतं. म्हणून हा संदेश वाचून सोडून देणं मला जमलं नाही.

सर्वेक्षण नको, या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होईल.

अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचं एसडब्ल्यूएमएम हे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं मॉडेल १९७१ पासून आहे. ते मोफत मिळतं आणि बरीचशी व्यावसायिक पॅकेजेसही त्याच्याच इंजिनावर चालतात. त्यात एक अडचण वर्षानुवर्षं होती. रस्त्यावरून वाहणारं पाणी जाळीतून गटारात किती उतरतं याचा सरळ हिशेब करायची सोय नव्हती. पाणलोटातलं पाणी थेट मॅनहोलमध्ये पोचलं असंच धरलं जायचं. ज्यांना खोलात जायचं असे ते रस्त्याला उघडा चॅनेल मानून, जाळीच्या जागी ओरिफिस (पाणी जाण्याचं ठरावीक मापाचं भोक) घालून, हाताने दुहेरी जाळं रचत. २०२२ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीत रस्त्याचा आडवा छेद आणि जाळीचा प्रकार व मापं देता येऊ लागली. किती पाणी आत गेलं आणि किती जाळीवरून पुढे निसटलं, हे अमेरिकन महामार्ग प्रशासनाच्या एचईसी-२२ पद्धतीने निघतं. ही फार मोलाची भर आहे. पाइपात जागा शिल्लक असूनही रस्ता का तुंबतो, याचं उत्तर बहुतेकदा जाळीपाशीच सापडतं.

पण ही सोय वापरायची तर काय लागतं ते बघा. प्रत्येक जाळी कुठे आहे, उतारावर आहे की खोलगट जागी, तिची लांबी-रुंदी किती, रस्त्याचा आडवा उतार किती, आणि ती किती टक्के बुजलेली आहे. हा शेवटचा आकडा तर सॉफ्टवेअर थेट विचारतं. शून्य टाकलंत तर प्रत्येक जाळी लख्ख मोकळी आहे असं समजून गणित चालतं, आणि पहिल्या मोठ्या सरीला पालापाचोळा, प्लास्टिक आणि माती जाळीवर येऊन बसली की ते गणित कोलमडतं. म्हणजे नव्या सुविधेने मोजमापाची गरज वाढवली. पूर्वी जाळ्यांची माहिती नसली तरी मॉडेल चालायचं, कारण मॉडेल त्याबद्दल विचारतच नव्हतं.

अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं हेक-रास दुसऱ्या बाजूने इथे येऊन पोचलं. ते मुळात नदीचं मॉडेल. २०१६ च्या ५.० आवृत्तीत त्यात द्विमितीय, म्हणजे जमिनीवर दोन्ही दिशांनी पसरणारा, प्रवाह आला, २०२१ च्या ६.० मध्ये थेट जमिनीवर पाऊस पाडून जमिनीत मुरणारं पाणी वजा करण्याच्या पद्धती आल्या, आणि २०२४ च्या ६.६ मध्ये जमिनीखालच्या पाइपांचं जाळं जोडता येऊ लागलं. नदी फुगल्यावर गटाराचं तोंड पाण्याखाली जातं आणि शहरातलं पाणी बाहेर पडायच्या ऐवजी मागे सरकतं. हे चित्र एकाच मॉडेलमध्ये पाहता येणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र त्यासाठी त्या तोंडाची तळपातळी (तळाची उंची) ठाऊक हवी, आणि तिथे झडप असली तर ती खरोखर मिटते का तेही. जमिनीखालच्या पाइपाची तळपातळी उपग्रहाला दिसत नाही. मॅनहोलचं झाकण उघडून तिथे लेव्हल घ्यावीच लागते.

पाइपाच्या मापात चूक झाली तर काय होतं, ते पाइपातून किती पाणी वाहील हे सांगणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रावरून लगेच कळतं. भरून वाहणाऱ्या गोल पाइपाची क्षमता व्यासाच्या ८/३ घाताच्या प्रमाणात बदलते. नोंदवहीत ६०० मिलिमीटर लिहिलंय आणि जमिनीत प्रत्यक्ष ४५० मिलिमीटरचा पाइप आहे, तर उतार आणि खरखरीतपणा तोच धरूनही क्षमता निम्म्याहून कमी, सुमारे ४६ टक्के राहते. सॉफ्टवेअरची कुठलीही आवृत्ती ही चूक पकडू शकत नाही, कारण तिच्या दृष्टीने ६०० हाही एक योग्य आकडा आहे.

राहिला उपग्रहाच्या नकाशाचा प्रश्न. मोफत मिळणाऱ्या जागतिक नकाशांत कोपर्निकसचा ३० मीटरचा नकाशा चांगल्यापैकी मानला जातो. त्याच्या उभ्या अचूकतेची मर्यादा ९० टक्के विश्वासपातळीला ४ मीटर अशी दिलेली आहे. शिवाय तो पृष्ठभागाचा नकाशा आहे, म्हणजे त्यात झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही उंचीत धरलेली आहेत. ती काढून टाकायचा प्रयत्न ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ च्या फॅबडेम या नकाशात केला. मोठ्या नदीखोऱ्याचा ढोबळ अंदाज घ्यायला असे नकाशे उपयोगी पडतात आणि दुसरं काही नसेल तिथे ते वापरावेतच. पण फुटपाथचा कठडा साधारण १५ सेंटिमीटरचा असतो, आणि गल्लीत पाणी डावीकडे वळेल की उजवीकडे हे तेवढ्यावर ठरतं. तिथे लायडार (लेझरने घेतलेली उंचीची मोजणी) तरी हवं, किंवा माणसाने जाऊन घेतलेल्या पातळ्या तरी.

आता ०.१ टक्का चुकीबद्दल. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो सॉफ्टवेअरच्याच अहवालातला आकडा दाखवून पसरवला जातो. अहवालाच्या शेवटी जी ‘कंटिन्युइटी एरर’ छापलेली असते, ती मॉडेलमध्ये आलेलं पाणी आणि मॉडेलमधून गेलेलं व त्यात साठलेलं पाणी यांची जुळणी असते. हा जमाखर्च आहे. वही पैशापर्यंत जुळली तरी तिच्यातल्या नोंदी खऱ्या आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही. आकडा मोठा आला तर धोक्याची खूण नक्कीच आहे; एसडब्ल्यूएमएमचं मॅन्युअल उदाहरणादाखल १० टक्क्यांचा उल्लेख करून सांगतं की त्यापुढे निकालाच्या ग्राह्यतेवरच प्रश्न येतो. पण आकडा लहान येणं ही केवळ पहिली पायरी आहे. मॉडेलमधल्या सगळ्या पाइपांचा व्यास मुद्दाम चुकीचा टाकून बघा. चूक तरीही एखाद्या टक्क्याच्या आतच राहू शकते, आणि पूर मात्र भलतीकडेच येईल.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एसडब्ल्यूएमएममध्ये मॅनहोल भरून वाहू लागला आणि तिथे पाणी साचू देण्याचा पर्याय निवडलेला नसला, तर वर आलेलं पाणी मॉडेल सोडून जातं. ते शेजारच्या गल्लीत जात नाही, उताराने खालच्या वस्तीत पोचत नाही. हिशेबात ते ‘पुरामुळे गेलेलं पाणी’ म्हणून व्यवस्थित नोंदलं जातं, त्यामुळे जमाखर्च तंतोतंत जुळतो. खालची वस्ती मात्र नकाशावर कोरडी दिसते. ज्या पाण्याने तिथे घरं भरायची, ते वरच्याच मॅनहोलपाशी वहीतून वजा झालेलं असतं. चूक ०.१ टक्का, आणि इशारा कोणालाच नाही. म्हणून अहवाल हातात आला की मी त्या टक्क्याच्या आधी पुरामुळे गेलेल्या पाण्याची ओळ बघतो, आणि ते पाणी पुढे कुठे गेलं असेल असं विचारतो.

सेंटिमीटरचा दावा ग्राफिक्स कार्डाशी जोडलेला आहे, म्हणून आधी वेगाचं बघू. द्विमितीय मॉडेलमध्ये जमीन लहान चौकटींत विभागलेली असते. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. कुरांट, फ्रीडरिश आणि लेवी यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या अटीमुळे कालांतरही (गणिताच्या दोन टप्प्यांमधला वेळ) साधारण निम्मं करावं लागतं. एकूण काम आठपट. १० मीटरवरून ५ मीटरवर येताना आठपट, तिथून अडीच मीटरवर येताना पुन्हा आठपट. ट्यूफ्लो या पुराच्या सॉफ्टवेअरमधल्या एचपीसीसारख्या सोल्व्हरनी (समीकरणं सोडवणाऱ्या भागांनी) हे काम ग्राफिक्स कार्डावर हलवलं, आणि त्यामुळे फार वेळ खाणारी गणितं आटोक्यात आली. याचा खरा फायदा माझ्या मते बारीक चौकटींपेक्षा पुष्कळ शक्यता तपासता येण्यात आहे. एकच पाऊस धरून एकच देखणा नकाशा काढण्यापेक्षा वेगवेगळे पाऊस, बुजलेल्या जाळ्या, बंद पडलेला पंप, फुगलेली नदी अशा कितीतरी स्थिती चालवून बघता येतात. आणि निर्णय घेणाऱ्याला ‘३७ सेंटिमीटर’ असा एकच आकडा देण्याऐवजी ‘या जागी बहुतेक स्थितींत गुडघाभर पाणी येतं’ असं सांगता येतं.

चौकट बारीक झाल्याने खालची जमीन जास्त अचूक होत नाही. ३० मीटरच्या उंचीच्या नकाशावरून १ मीटरची चौकट बनवली तर मधले आकडे केवळ इकडून तिकडे ताणलेले असतात. हेक-रास यावर वेगळ्या वाटेने जातं: चौकट मोठी ठेवून तिच्या पोटातल्या उंचसखल जमिनीवरून पाण्याची पातळी आणि साठा यांचं नातं आधीच काढून ठेवतं. ही पद्धत मला आवडते. पण चौकटीच्या मधून एखादी भिंत किंवा बांध गेला आणि त्याच्यावरून चौकटीची कड आखली नाही, तर पाणी भिंतीतून आरपार झिरपल्यासारखं पलीकडे दिसतं. ती कड आखायची तर भिंत तिथे आहे हे कोणाला तरी ठाऊक हवं.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कॅलिब्रेशन संपलं, हे म्हणणं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतं. नद्यांच्या प्रवाहाच्या अंदाजात यंत्र-शिक्षणाने खरोखर मोठी झेप घेतली आहे. मोजणी केंद्र नसलेल्या नद्यांसाठीही असा अंदाज देता येतो हे दाखवणारा गूगलच्या संशोधकांचा लेख २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पण ते शक्य झालं ते जगभरच्या हजारो केंद्रांवर वर्षानुवर्षं झालेल्या प्रवाहाच्या नोंदींवर शिकून. गटारांच्या पाइपात अशा नोंदी फारच थोड्या ठिकाणी असतात. म्हणून शहरी निचऱ्यासाठी बनवलेली यंत्र-शिक्षणाची मॉडेल्स बरेचदा एसडब्ल्यूएमएमसारख्या, प्रवाहाची समीकरणं सोडवणाऱ्या मॉडेलच्या उत्तरांवरच शिकवली जातात. ती क्षणात उत्तर देतात, पूर्वसूचनेसाठी हे फार कामाचं आहे. मात्र ज्या मॉडेलकडून ती शिकली त्यात जाळ्या मोकळ्या धरल्या असतील, तर तीही मोकळ्याच धरतील.

कॅलिब्रेशन म्हणजे प्रत्यक्ष पडलेल्या पावसात पाइपातली पातळी आणि प्रवाह मोजून मॉडेलचे खरखरीतपणा, मुरण, पक्क्या पृष्ठभागाचं प्रमाण असे आकडे जुळवणं, आणि मग त्यात न वापरलेल्या दुसऱ्या पावसावर ते टिकतात का ते पाहणं. खरखरीतपणा सांगणारा मॅनिंगचा गुणांक ०.०१३ वरून ०.०१५ केला तरी पाइपाची क्षमता १३ टक्क्यांनी घटते, आणि काँक्रीटच्या पाइपासाठी हे दोन्ही आकडे तक्त्यांत सापडतात. यातला कुठला खरा, हे त्याच पाइपाला विचारावं लागतं. पावसाचंही तसंच. १०० मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत पडला तर बहुतेक गटारं तो निमूट वाहून नेतात. तोच दोन तासांत पडला तर रस्ते बुडतात. दिवसाची एकच बेरीज मॉडेलला दिली, तर हा फरक त्याला कळणार कुठून? पाच-दहा मिनिटांच्या अंतराने नोंद करणारी पर्जन्यमापकं लागतात, आणि एका कोपऱ्यात कोसळलेला पाऊस निसटू नये इतकी जवळजवळ.

जुने अहवाल रद्दीत काढायचं म्हणाल, तर त्याबद्दल थोडक्यात. प्रवाहाचं मूळ गणित सेंट-व्हेनांची १८७१ ची समीकरणं आजही करतात. आवृत्ती बदलली म्हणून ती बदलली नाहीत. जुनं मॉडेल नव्या आवृत्तीत उघडल्यावर आकडे हलले, तर आधी पर्याय तपासा. उदाहरणार्थ, दाबाखाली भरलेल्या पाइपाचं गणित कुठल्या पद्धतीने करायचं याची निवड एसडब्ल्यूएमएममध्ये ५.१ च्या मालिकेत आली, आणि पद्धत बदलली की मॅनहोलमधल्या पातळ्या बदलू शकतात. तेव्हा तोच पाऊस आणि तेच जाळं दोन्ही आवृत्त्यांत चालवून फरक कुठल्या मॅनहोलपाशी पडतो ते नोंदवावं, मगच नव्या सुविधा एकेक करून जोडाव्यात. ज्या जुन्या अहवालामागे कोणीतरी झाकणं उघडून घेतलेल्या तळपातळ्यांची यादी आहे, तो जपून ठेवा. नव्या आवृत्तीत घालायला तीच यादी लागणार आहे.