हेक्टरची नव्हे, त्याआधीची

जुन्या गाडीला मालक एक आणि मामे अनेक. आमच्या एमजीबी जीटीचे, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचे, निम्मे मामे दांडिया बाजारात राहतात, उरलेले कारेलीबागेत, आणि "सगळं ओरिजिनल आहे ना?" एवढाच प्रश्न घेऊन रविवारी सकाळी उगवतात. चहा घेतात, बॉनेट उघडायला लावतात, इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारे दोन एसयू कार्बोरेटर बघून समाधानानं मान डोलावतात. मागची डिकी मात्र कोणी उघडायला सांगत नाही. एकदा एकानं हौसेनं सांगितलं होतं, ती त्याच्याच डोक्यावर आली, आणि बडोद्यात बातमीला पाय लगेच फुटतात.

गाडी काकांची. विलायतेहून परतताना त्यांनी ती बोटीनं आणली. 1965 साली जीटी निघाली तेव्हा तिच्या छताच्या आखणीत इटलीच्या पिनिनफरिना या गाड्यांची आखणी करणाऱ्या कंपनीचा हात होता, आणि छतापासून खाली उतरत जाणारी काचेची डिकी हाच त्या छताचा सगळा तोरा. डिकी उचलून धरायला सुरुवातीच्या गाड्यांत बिजागऱ्यांपाशीच पिळाच्या स्प्रिंगा असत. बाहेरून काही दिसत नाही. देखणं काम, वादच नाही. पण स्प्रिंगेनं पन्नासहून जास्त वर्षं पिळून बसायचं म्हटल्यावर तिच्यात किती राम उरणार?

आमच्याकडे टेकू होता. आधी मुलाचा स्टंप, मग कपडे वाळत घालायची काठी. खंडेराव मार्केटला भाजी आणायला निघालो की ही मांडीवर काठी घेऊन बसायची. "अहो, लोक गाडीकडे बघतात असं तुम्हाला वाटतं," ती म्हणायची, "काठीकडे बघतात."

शेवटी गॅसचे स्ट्रट, म्हणजे डिकी उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या नळ्या, लावायचं ठरवलं. नंतरच्या जीटींना ते कारखान्यातूनच लावून येत, हे मी पुराव्यानिशी मांडलं. पण 2023 च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरातल्या विंटेज गाड्या जमल्या, तेव्हापासून आमच्या मामांना परीक्षकाची नजर आली आहे. मी राजवाड्याला स्लायडिंगच्या खिडक्या बसवायला निघाल्यासारखे सगळे माझ्याकडे बघू लागले. "म्हणजे पत्र्याला भोक पाडणार?" ज्येष्ठ मामांनी विचारलं आणि चहा अर्धा टाकून उठले. अर्धा चहा टाकणं ही त्यांच्या निषेधाची शेवटची पायरी.

दुकानात वेगळाच घोळ. या वस्तूला बाजारात डिकी शॉकर म्हणतात हे मला ठाऊक होतं, त्यामुळे पहिलं वाक्य नीट गेलं.

"कई गाडी?"

"एमजी."

"हेक्टर के एस्टर?"

बडोद्यापासून हाकेच्या अंतरावर हालोलला एमजीचा कारखाना आहे, तिथून हेक्टर भरभरून बाहेर पडतात. त्या माणसाची काय चूक? मी फोनवर फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला, अष्टकोनी बिल्ला एमजीचाच असल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, "काका, आ मॉडेल तो बंध थई गयुं." ही गाडी जिथे बनायची तो इंग्लंडमधला अ‍ॅबिंग्डनचा कारखाना 1980 साली बंद झाला, तेव्हा माहिती बरोबर होती, जरा उशिरा पोचली इतकंच. मग त्यानं लांबी मोजून कुठल्यातरी भल्या मोठ्या गाडीचे दोन शॉकर काढून दिले. "भारी लई जाओ, वर्षो चालशे."

आता त्या मामांच्या गर्दीत मी ज्याचा खरा मामा आहे, तो भाचा सयाजीराव विद्यापीठात मेकॅनिकलला आहे. तो म्हणाला, "मामा, नळीवर न्यूटन लिहिलेले असतात ते बघ. लांबी सगळेच बघतात." नळीत नायट्रोजन कोंडलेला असतो. आतल्या दट्ट्याला (पिस्टनला) बारीक भोक असल्यामुळे दोन्ही बाजूंना दाब सारखाच. पण एका बाजूची थोडी जागा दांड्यानं अडवलेली, म्हणून दांडा बाहेर ढकलला जातो. 8 मिलिमीटर जाडीच्या दांड्यानं 250 न्यूटन, म्हणजे साधारण 25 किलोचा जोर द्यायचा, तर आत वातावरणाच्या 50 पट दाब लागतो. टायरमध्ये आपण जेमतेम दोन पट भरतो. हे ऐकल्यावर मी हातातली नळी अलगद सोफ्यावर ठेवली आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसलो.

मिस्त्री मकरपुऱ्याचा. जुन्या स्प्रिंगा काढायला आधी छताचं अस्तर मागून सोडवावं लागलं. त्यातून काकांच्या काळची धूळ माझ्या डोळ्यांत उतरली. डिकी पूर्ण उघडी हवी, म्हणजे स्प्रिंगेचा पीळ कमीत कमी असतो. ती पूर्ण उघडी धरायचं काम माझ्याकडे आलं. "पकडी राखजो, काका," म्हणून मिस्त्री आत शिरला. थोड्या वेळानं माझे खांदे थरथरायला लागले, काच थरथरायला लागली, आणि नाकाच्या शेंड्यावर नेमकी माशी बसली. आतून आवाज आला, "आमां हवे कंई दम नथी." त्याच क्षणी स्प्रिंग सुटली. पाना मिस्त्रीच्या हातातून निघून पुढच्या सीटपर्यंत गेला आणि डॅशबोर्डवर वाजला. कमीत कमी पीळ म्हणजे शून्य पीळ नव्हे, हे आम्हा तिघांना एकदमच कळलं. तिसरी माशी, ती उडाली.

नवे शॉकर त्यानं झटपट लावले. नळीवरची अक्षरं सुलट दिसतील असे, त्यामुळे दांडा वर आला. डिकी बंद असताना दांडा खाली हवा; आतलं थोडंसं तेल खाली साचतं आणि सीलला ओलं ठेवतं. "पण लखाण ऊंधुं देखाशे," मिस्त्री कष्टी होऊन म्हणाला. अक्षरं उलटी झाली, तेव्हा कुठे शॉकर सुलटे बसले.

मग डिकी बंद करायची वेळ आली. मी जोर लावला, मिस्त्रीनं लावला, शेवटी त्याचा पोऱ्या वर बसला तेव्हा कुलूप लागलं. घरी येऊन बायकोनं बटण दाबलं मात्र, डिकी सणसणत वर गेली आणि तिच्या हातातली कोथिंबीर शेजाऱ्यांच्या कंपाउंडात. "काठी बरी होती," ती म्हणाली. दुकानदारानं ती जोडी कुरकुरत परत घेतली आणि भाच्यानं कागदावर लिहून दिलेल्या न्यूटनांची हलकी जोडी दिली. ती आता झकास चालते. फक्त हवामान पाळते: गॅस तापला की दाब वाढतो, तेव्हा मेमधल्या दुपारी 45 अंशांत जोर जानेवारीतल्या पहाटेच्या 15 अंशांपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त. उन्हाळ्यात मी मागे सरकून उभा राहतो, थंडीत जरा हात देतो.

परवा ज्येष्ठ मामा आले. बराच वेळ डिकी उघडबंद करत राहिले, मग भानावर आले.

"जुन्या स्प्रिंगा ठेवल्यास ना?"

"ग्रीस लावून, पेढ्यांच्या खोक्यात, माळ्यावर."

"मग प्रदर्शनाच्या दिवशी परत चढव."

"चढवतो. परीक्षक जाईपर्यंत डिकी तुम्ही धरा."

त्यांनी डिकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्यांकडे. "त्यापेक्षा असं कर. त्या नळ्या काळ्या रंगव. डोळ्यांत भरायला नकोत."

नळ्या काळ्याच होत्या. "रंगवतो," मी म्हणालो. त्यांनी चहा पूर्ण घेतला.