ओल्या भिंतीवर सिमेंट थापण्याआधी हे वाचा

जून उजाडला की गावच्या, नातेवाइकांच्या, देवस्थानच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. आशय असा: जुन्या घराच्या भिंतीला येणारी ओल जमिनीतूनच चढते, ओल मोजायचा मीटर लावला की खात्री पटते. मग चुन्याचा गिलावा खरवडायचा, जोत्याच्या वर ओळीने भोकं पाडून ओल अडवणारं केमिकल भरायचं आणि वॉटरप्रूफ सिमेंटचं प्लास्टर मारायचं, नाहीतर चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, उघडा ठेवून पॉलिश करायचा. चुन्याचे दिवस गेले, तो टिकत नाही. गोव्यात फोंडा महालातल्या आमच्या घरी यातलं बरंचसं करून झालंय आणि त्यात एक भिंत जवळजवळ हातची गेली. म्हणून तपशिलात लिहिते.

जमिनीतून ओल चढते, यात वाद नाही. दिव्याची वात तेल ओढते तसा सच्छिद्र चिरा पाणी ओढतो. पण ते पाणी सहसा मीटर-दीड मीटरच्या वर जात नाही आणि जिथे थांबतं तिथे मिठाची आडवी पांढरी रेघ उमटते. डाग त्याहून वर, वाशांच्या टोकांपाशी असेल तर आधी कौलं बघा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे. फुटकी पन्हळ, सिमेंटच्या अंगणावर आपटून जोत्यावर उडणाऱ्या पागोळ्या, एवढंसुद्धा भिंत भिजायला पुरतं. आमच्या दारापुढे सासऱ्यांच्या लहानपणी तीन पायऱ्या होत्या. दर डांबरीकरणात रस्ता वर येत गेला, आता एकच उरलीय. जोतं मातीखाली गेलं आणि रस्त्याचं पाणी थेट भिंतीला येऊन टेकलं. ते पाणी केमिकलने कसं हटणार?

मीटरचा पुरावा फार कच्चा आहे. दोन टाचण्यांमधून वीज किती सहज जाते तेवढंच तो मोजतो आणि खारट भिंतीतून ती सहज जातेच. पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं. जुलैत आपल्याकडे ती त्याहून बरीच वर असते. भिंतीत मुरलेलं मीठ हेच करतं, जमिनीतून थेंब न चढताही भिंत हाताला ओली लागते. गोठ्याला लागून असलेल्या भिंतींत तर गोमूत्रातून आलेले क्षार वर्षानुवर्षं साठलेले असतात. खात्री करायचीच असेल तर भिंतीच्या आतला चुरा काढून त्याचं वजन करा, १०५ अंशांवर वाळवा आणि पुन्हा वजन करा.

केमिकलचा उपयोग विटांच्या, सरळ सांध्यांच्या भिंतीत होऊ शकतो. आमची भिंत दोन फूट जाड, पोटात मातीत बसवलेले वेडेवाकडे चिरे आणि पोकळ्या. भरलेलं द्रव कुठे झिरपलं ते कंत्राटदारालाही सांगता आलं नाही.

खरं नुकसान केलं ते सिमेंटने. पहिला पावसाळा भिंत इतकी छान दिसली की आम्ही पाहुण्यांना नेऊन दाखवत होतो. दुसऱ्या पावसाळ्यात बोटाने वाजवलं तर आतून पोकळ आवाज येऊ लागला, आणि पूर्वी कमरेपर्यंत असलेली ओल खिडकीच्या वर गेली. प्लास्टरचा एक पापुद्रा काढला, तर पाठीला बोटभर जाडीचा चिरा चिकटून आला आणि मागून लाल पीठ जमिनीवर ओघळलं. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि मीठ गिलाव्यात साठतं. गिलावा खराब होतो, चिरा वाचतो. सिमेंटने ही वाट बुजली. पाणी वर चढलं, मिठाचे खडे प्लास्टरच्या मागे, चिऱ्याच्या आत तयार झाले आणि त्यांनी फुगून चिरा फोडला. त्यात सिमेंटला बारीक तडे जातातच. पाऊस त्यांतून आत शिरतो आणि आतच अडकतो. शेणाने सारवलेली जमीन काढून टाइल्स घातल्या तरी हाच प्रकार होतो. जमिनीतली वाफ कोंडते आणि कडेच्या भिंतींकडे वळते.

चिरा उघडा ठेवण्याबद्दल एकच सांगते. जुन्या गोव्यातल्या बॉम जिझस बॅसिलिकेचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं. तिच्या बाहेरच्या भिंतींचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला, म्हणून ती आज लाल दिसते. जवळ जाऊन त्या चिऱ्यांवर बोट फिरवून बघा, पावसाने ते किती झिजलेत ते कळेल. आपल्या आज्या-पणज्या पावसाच्या तोंडाच्या भिंतींवर माडाची विणलेली चुडतं बांधत आणि पाऊस सरला की चुना लावत, ते चिरा झाकलेला राहावा म्हणूनच.

चुना टिकत नाही, हे मात्र अर्धं खरं आहे. खाली मिठाचा पट्टा असेल तर काही वर्षांनी तेवढा गिलावा पुन्हा करावा लागतो. आम्ही आधी अंगणाचं सिमेंट भिंतीपासून दोन हात फोडलं, माती उतरवून उतार काढला, पन्हळ बदलली. दिवाळीनंतर सगळं सिमेंट हलक्या हाताने उतरवलं आणि भिंत तशीच सोडली. महिन्याला साधारण इंचभर भिंत वाळते असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे दोन फुटांना दोन वर्षं. एवढं थांबणं सगळ्यांना अवघड गेलं. अधूनमधून कागदाच्या ओल्या लगद्याचे लेप देऊन मीठ ओढून काढलं. मग भिजवून मुरवलेला चुना आणि गोड्या पाण्याची धुतलेली वाळू घालून गिलावा केला, आणि तो भरभर वाळू नये म्हणून ओली गोणपाटं लावली.

यंदाच्या श्रावणात त्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पांढरा लोणा आला. मी तो कोरड्या कुंच्याने झाडून सुपलीत भरला आणि घरापासून दूर टाकला. सून पाण्याने पुसायला निघाली होती, तिला थांबवलं. पुसलं की मीठ विरघळून पुन्हा भिंतीत जातं.