सर्व्हिस चार्जच्या भांडणात वेटर कुठे आहे?

हॉटेलांनी बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलं. हॉटेलमालकांच्या दोन संघटना कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली. मग २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चापोटी भरायला सांगितले. पुढे अपील झालं, आणि वाद चालूच राहिला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून कुणाच्या तरी बिलाचा फोटो येतो, खाली लाल रेघ मारलेली ‘एस. सी. १० टक्के’. एक बाजू म्हणते, ही लूट आहे. दुसरी म्हणते, अरे, हजाराचं जेवलात, शंभर रुपये त्या पोराला गेले तर काय बिघडलं?

मी पॅरिसमधून हे सगळं वाचते आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो. ते शंभर रुपये त्या पोराला गेले, हे कुणाला कुठे दिसलं? मालक म्हणतो, आम्ही वाटतो. ग्राहक म्हणतो, माझा विश्वास नाही. ज्याच्या नावाने पैसे मागितले जातात त्याला मात्र कुणी विचारत नाही.

पॅरिसमध्ये बाहेर जेवायचं म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना मेणबत्त्या आणि न परवडणारे भाव आठवतात. मी पाहुण्यांना नेते ते ठिकाण तसं नाही. बुयों शार्तिए १८९६ मध्ये शार्तिए बंधूंनी फोबूर मोंमार्त्र रस्त्यावर सुरू केलं आणि ते आजही तिथेच आहे. ‘बुयों’ म्हणजे मांसाचा कढ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर द्युव्हाल नावाच्या एका खाटकाने ले आल बाजारातल्या कामगारांना गरम कढ आणि शिजवलेलं मांस स्वस्तात द्यायला सुरुवात केली. त्यातून अशा खानावळींची शहरभर रांग लागली. नंतर बहुतेक बंद पडल्या. शार्तिए टिकलं, आणि अलीकडे ही पद्धत पुन्हा चालायला लागली आहे. पिगाल भागात २०१७ साली एक नवं बुयों उघडलं, रेपुब्लिक चौकाजवळ २०२१ मध्ये दुसरं. दोन्हींच्या दारात रांग असते.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याचे काका-काकू आले होते. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेबाला पक्के. शार्तिएमध्ये बुकिंग घेत नाहीत, अंगणात रांगेत उभं राहायचं. रांग भराभर सरकते, कारण आत कुणी रेंगाळत नाही आणि टेबल एकट्याचं नसतं. आम्हाला एका अनोळखी जोडप्याच्या शेजारी बसवलं. काकूंना आधी संकोच वाटला, पण चार मिनिटांत त्या शेजारणीच्या ताटलीत काय आहे ते विचारायला लागल्या. वर काचेचं छत, भिंतीभर आरसे, टेबलांच्या वर टोप्या-पिशव्या ठेवायला पितळी फळ्या. एका बाजूला लाकडी खणांची मांडणी आहे, खणांवर आकडे. रोजची गिऱ्हाइकं आपापले कापडी रुमाल त्यात ठेवून जात. ही सगळी वास्तू १९८९ पासून सरकारने वारसा म्हणून जपलेली आहे आणि तरीही तिथे तीन युरोंच्या आत उकडलेलं अंडं आणि मेयोनेज मिळतं. काकूंनी लीक मागवलं, आपल्या पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ, उकडून मोहरी-व्हिनेगरच्या रश्शात घातलेला. काकांनी कोंबडी आणि बटाटे.

वेटर काळ्या जाकिटात, कमरेला लांब पांढरा एप्रन. वय साठीच्या आसपास असेल. त्याने ऑर्डर आमच्या टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहून घेतली, काकांच्या ताटलीपासून वीतभर अंतरावर. जेवण संपल्यावर आला, खिशातलं पेन काढलं, त्याच कागदावर प्रत्येक पदार्थापुढे आकडा मांडला, रेघ ओढली आणि उभ्या उभ्या बेरीज केली. काकांनी मनात आधीच केली होती. दोन्ही बेरजा जुळल्या. मग काका कागदावर वाकून शोधायला लागले.

“अगं, टॅक्स कुठे लावलाय?”

“भावातच आहे, काका.”

“आणि सर्व्हिस?”

“तोही भावातच.”

काकांनी मेनूकार्ड परत मागवून एकेक आकडा ताडून पाहिला. कार्डावर जो भाव तोच कागदावर, एक सेंटही जास्त नाही. म्हणाले, “मग हा माणूस इतकी खटपट करतो ती कशासाठी?” मी म्हटलं, पगारासाठी.

काकांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि आपल्याकडचा सगळा घोळ त्यातच आहे. वेटर धावपळ करतो ती बक्षिशीच्या आशेने, असं आपण धरून चालतो, म्हणून बक्षिशी काढली की सेवा जाईल असं वाटतं. इथे वेटरचं काम हा धंदा आहे, शिकून करायचा. हॉटेल-व्यवसायाच्या शाळा आहेत, आठवड्याच्या तासांपासून रजेपर्यंत सगळं ठरवणारा देशव्यापी सामूहिक करार आहे, किमान वेतन सर्वांना एकच आहे. मार्च २०२४ मध्ये पॅरिस महापालिकेने वेटरांची जुनी शर्यत पुन्हा भरवली. शेकडो वेटर हातात तबक, त्यावर कॉफीचा कप आणि पाण्याचा पेला घेऊन दोन किलोमीटर झपाझप चालले. पळायला बंदी! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक टाळ्या वाजवत उभे होते.

भावात सगळं धरायचा नियम फ्रान्समध्ये १९८७ पासून आहे. दारावर लावलेल्या पाटीत कर आणि सेवा दोन्ही आलेच पाहिजेत. पण माझ्या मते त्याहून मोठा कायदा १९३३ चा आहे. मालकाने सेवेच्या नावाने जी टक्केवारी गोळा केली, किंवा गिऱ्हाइकांनी बक्षिशी म्हणून त्याच्या हाती जे पैसे दिले, ते सगळे गिऱ्हाइकांशी थेट काम करणाऱ्या नोकरांना पूर्ण वाटलेच पाहिजेत, असं तो सांगतो. दिल्लीतल्या खटल्यात ग्राहकाला पैसे द्यायला लावावेत की नाही यावर काथ्याकूट झाला. घेतलेले पैसे कुणाचे, हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी इथल्या कायद्याने सोडवला, आणि आपल्या वादात तो अजून नीट विचारलाही जात नाही.

पाण्याचंही तेच. आपल्याकडे टेबलाशी बसलात की पहिला प्रश्न, “बिसलरी की साधं?” आणि सगळं टेबल थोडं अवघडतं. साधं म्हणावं तर पोटाची भीती, बाटली म्हणावी तर छापील किमतीच्या दुप्पट-तिप्पट दाम. हॉटेलांना छापील किमतीहून जास्त घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच मान्य केलं. सर्व्हिस चार्जच्या अपिलावर ऑगस्ट २०२५ मध्ये सुनावणी झाली तेव्हा दिल्लीच्या खंडपीठानेच विचारलं, वीस रुपयांच्या बाटलीचे शंभर घेता, तर वरचे ऐंशी सेवेचे नाहीत का? योग्य प्रश्न होता. शार्तिएमध्ये वेटरने काही न विचारता नळाच्या पाण्याचा काचेचा चंबू आणि पावाची टोपली ठेवली. जेवणासोबत पाव आणि पाणी फुकट असतात, आणि नळाचं पाणी फुकट मागता येतं हे लिहून लावायचं बंधन २०२२ पासून सगळ्या हॉटेलांवर आहे. यात हॉटेलमालकांचा मोठेपणा फारसा नाही. शहराच्या नळाला येणारं पाणी निर्धास्त पिता येतं, हे त्यामागचं खरं कारण. पुण्या-मुंबईत बाटलीच्या दरावर भांडायचं तर ते भांडण महापालिकेच्या दारापर्यंत न्यायला हवं.

इथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. जेवणाच्या दालनात जो मान वेटरला मिळतो तो भटारखान्यात पोचत नाही. पॅरिसच्या कितीतरी बिस्ट्रोंमध्ये, म्हणजे छोट्या हॉटेलांत, भांडी घासणारा, कांदे सोलणारा, कधीकधी अख्खं ‘फ्रेंच’ जेवण रांधणारा माणूस श्रीलंकेचा तमिळ, बांगलादेशी किंवा आफ्रिकेतल्या माली देशाचा असतो. १९८३ नंतरच्या यादवीतून पळून आलेले तमिळ ला शापेल भागात स्थिरावले आणि या शहराच्या मोऱ्यांपाशी उभे राहिले. काही जणांकडे आजही इथे राहण्या-कामाच्या परवान्याची कागदपत्रं नाहीत. ते दुसऱ्याच्या नावावर राबतात, आणि सामूहिक करारातले तास आणि रजा त्यांना लागू होत नाहीत. जानेवारी २०२४ च्या कायद्याने, मनुष्यबळ कमी पडणाऱ्या धंद्यांत काम केलेल्यांना मालकाच्या शिफारशीशिवाय कागदांसाठी अर्ज करायची वाट दिली, पण ती वाट फार अरुंद आहे. आणि अलीकडे कार्डाच्या मशीनवर पाच, दहा, पंधरा टक्के असे टिपेचे पर्याय दिसायला लागलेत. पर्यटकांना वाटतं, द्यावेच लागतात. फ्रान्सने हे वेळीच थांबवावं. सेवा भावात धरली आहे, मग पुन्हा हात पसरायचा नाही.

तरीही ज्याला कागद आहेत त्याचा पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या ‘ए बारक्या, पाणी आण’ या हाकेत जे असतं ते इथे चालत नाही. इथे वेटरला आधी ‘बोंजूर’ म्हणावं लागतं, मगच तो तुमच्याकडे वळतो. आपले लोक त्याला उर्मटपणा म्हणतात. तो उर्मट नाही. तुम्ही खूश झालात तरच त्याच्या घरी चूल पेटेल, अशी त्याची स्थिती नाही, एवढंच.

आणि हे काही आपल्याला परकं नाही. मुंबईच्या गिरणगावात बायका घरोघरी खाणावळी चालवत. महिन्याचा दर ठरलेला, खाणाऱ्याला आणि रांधणारीला दोघांना माहीत. सावकारांच्या पाशात अडकलेल्या त्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे कामगारांना स्वस्त जेवण घालतानाच रांधणारीच्या हातात काय पडतं हा प्रश्न महाराष्ट्रात तेव्हाच विचारला गेला होता. आताच्या वातानुकूलित हॉटेलांच्या बाबतीत तो विचारायला कुणी तयार नाही. मालक विचारणार नाही हे उघड आहे. ग्राहकही विचारत नाही, कारण एस. सी. खोडून मिळालं की त्याचं समाधान होतं.

त्या खोडण्याने वेटरचं काय होतं, पाहा. दहा टक्क्यांतला काही हिस्सा त्याच्यापर्यंत पोचत असेल तर तो गेला. पोचत नसेल तर त्याच्या आयुष्यात काहीच बदललं नाही. तो रात्री हॉटेल बंद झाल्यावर दोन टेबलं जोडून त्यावरच झोपणारा असेल, तर आजही तिथेच झोपेल. महाराष्ट्रात हॉटेलकामगारांना किमान वेतन कायद्याने ठरवून दिलेलं आहे. ते प्रत्यक्ष हातात पडतं का, हे तपासणारा अधिकारी आपण भरलेल्या बिलाच्या आसपास कुठेच नसतो.

माझं म्हणणं आहे, सर्व्हिस चार्ज जाऊ दे आणि भाव वाढू दे. दोनशेची थाळी दोनशेवीसला द्या, त्यावर पाच टक्के जीएसटी धरून थेट दोनशे एकतीस असा एकच आकडा दारातल्या पाटीवर लिहा. गिऱ्हाइकाला आवडलं तर आत येईल, नाही तर पुढच्या हॉटेलात जाईल, पण जेवून उठताना फसवल्यासारखं वाटणार नाही. ते वाढीव वीस रुपये कामगारांचेच, हे कायद्यात लिहा आणि दर महिन्याच्या पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. याला मालकांचा विरोध होईल, कारण भाव वाढवला की गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. पण एकट्या हॉटेलाने वाढवला तरच ते तुटतं. सगळ्यांना एकच नियम लावला की कुणाचंच नुकसान होत नाही, हे इथल्या प्रत्येक कोपऱ्यावरच्या बिस्ट्रोत दिसतं. ग्राहक पंचायत आणि हॉटेलकामगारांच्या संघटना आजवर वेगवेगळ्या दारांत उभ्या राहिल्या. या एका मागणीसाठी दोघांनी मिळून कामगारमंत्र्यांकडे जावं, आणि आमच्या ग्रुपवर बिलांचे फोटो टाकणाऱ्यांनी त्या निवेदनावर सही करावी.