पंपिंग ४० टक्के

हृदयाच्या झटक्यानंतर डिस्चार्जच्या दिवशी हातात पडलेल्या फाईलमध्ये एक ओळ होती : ई.एफ., म्हणजे हृदयाचं पंपिंग, ४० टक्के. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस मी, आकडा दिसला की त्याचा अर्थ लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या परीनं लावला. शंभरातले चाळीस राहिले, साठ गेले. आमच्याकडं एखादा हायड्रॉलिक पंप चाळीस टक्क्यांवर आला तर त्याला कुणी दुरुस्त करत बसत नाही, भंगारात घालतात. घरी आलो, खाटेवर पडलो आणि तीन आठवडे साठ टक्के मेलेला माणूस म्हणून वावरलो. कुणाला बोललो नाही. बायकोनं फाईल वाचू नये म्हणून ती गादीखाली ठेवली होती.

तिसऱ्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा मोठे डॉक्टर नव्हते, एक तरुण डॉक्टर होता. त्याला सहज म्हणालो, “साठ टक्के गेलंच आहे, आता चाळीसवर किती वर्षं चालतं?” तो आधी हसला, मग माझं तोंड बघून गप्प झाला. त्यानं कागदावर हृदय काढून दाखवलं. हृदय रक्तानं भरतं आणि प्रत्येक ठोक्याला त्यातलं सगळं बाहेर टाकत नाही; जेवढे टक्के टाकतं तो हा आकडा. धडधाकट माणसाचा आकडासुद्धा ५५ ते ७० च्या आसपास असतो, शंभर कुणाचाच नसतो. शिवाय झटक्यानंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, तो आठवड्यांनी परत कामाला लागू शकतो. हे सांगायला त्याला पाच मिनिटं लागली. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर आम्ही दोन तास उभे होतो, पण ही पाच मिनिटं कुणाला सापडली नव्हती.

इस्पितळाचं नाव विचारू नका. माझा जीव वाचवला त्यांनी, उपकार आहेतच. पण जीव वाचवल्यानंतर त्या जीवाचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. ही पोस्ट त्याबद्दल आहे.

झटक्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. गेल्या नोव्हेंबरातला रविवार, रात्री मटण, पहाटे पाचला छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. घाम, जबड्यापर्यंत कळ. लिंबू-सोडा पिऊन दोन तास अ‍ॅसिडिटी उतरायची वाट बघत बसलो. ते दोन तास ही माझी चूक, आणि ती भरून येणारी नाही. मग शेजाऱ्याच्या रिक्षातून इस्पितळ, मनगटातून अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी. त्याचं कार्ड देतात, त्यावर माप असतं : ३ बाय २४. तीन मिलिमीटर व्यास! एवढा बारीक जॉब चालत्या हृदयात नेऊन बसवणाऱ्याचा हात काय असेल, हा विचार टर्नर म्हणून मी अजून करतो.

आयसीयूतली दुसरी रात्र. ड्यूटीवरची सिस्टर धारवाडकडची असावी, मराठी अजिबात येत नव्हतं. माझं कन्नड धंद्यापुरतं : रेट, डिलिव्हरी, उधारी. तिनं विचारलं, “काका, एदी नोवु ऐतेन्री?” छातीत दुखत नव्हतं. जे होत होतं त्याला माझ्याकडं कन्नड शब्द नव्हता, आणि खरं म्हणजे मराठीही नव्हता. मी नुसतं “अंजिकि” एवढंच म्हणालो. भीती. तिनं सलाईन बघायचं सोडून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “अळू बंद्रे अत्तबिड्री.” रडू आलं तर रडून घ्या. चोपन्न वर्षांचा माणूस मी, रडलो. पाच दिवसांत माझ्या भीतीची चौकशी करणारी ती एकटी. (खाली भाषेवरून भांडायला येणाऱ्यांनी कृपया दुसरी पोस्ट बघावी. सीमाप्रश्न माझ्या घराण्यात तीन पिढ्यांचा आहे, मला शिकवू नका.)

आता आमच्या लोकांबद्दल. घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात शहापुरातली निम्मी गल्ली बघायला आली. सफरचंदं एवढी जमली की शेवटी म्हशीला घातली. माया आहे, नाही म्हणत नाही. पण आजारी माणसाला बघायला जाऊन काय बोलावं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. एकानं बसल्या बसल्या सुरुवात केली, “आमच्या चुलत्याला सेम असंच. बरा होऊन घरी आला, चालाय-फिराय लागला, आणि तेराव्या दिवशी…” तेवढ्यात माझ्या बायकोचा चेहरा त्याला दिसला. मग म्हणतो, “पण तुला काय होत नाही बे, तू टेन्शन घेऊ नको.”

टेन्शन घेऊ नको! आठ महिन्यांत हे वाक्य किमान हजारदा ऐकलं असेल. टेन्शन म्हणजे काय चहा आहे, नको म्हटलं की कप परत जायला? ते ऐकलं की माणूस टेन्शन तर घेतोच, वर ते लपवायचं कामही त्याच्या गळ्यात पडतं.

रात्री वाईट असायच्या. पोरानं मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधलं होतं, त्याच्याकडं बघत पडायचो. ७२, ७४, ७१. ढेकर आली तरी वाटायचं, आलाच. डोळा लागला की बायको नाकाखाली बोट धरून बघायची. मला कळायचं, मी झोपेचं सोंग करायचो. सोंग आहे हे तिलाही कळायचं. असे दोघं गप्प, पाचपर्यंत. कारण पहाटे पाचला ते झालं होतं ना, मग पाच वाजून गेले की दोघंही झोपायचो.

त्यातच श्वास कोंडायला लागला. बसल्या जागी, काही न करता, हवा पुरत नाही असं व्हायचं. दोनदा मध्यरात्री कॅज्युअल्टीला धावलो, ईसीजी दोन्ही वेळा ठीक. मुलगी फार्मसी शिकते. तिनं गोळ्यांची पाकिटं पुढ्यात मांडली आणि एका नावावर बोट ठेवलं : टिकाग्रेलॉर. रक्त गोठू नये म्हणून देतात, आणि काही जणांना त्यानंच दम लागल्यासारखं होतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ती बदलून क्लोपिडोग्रेल दिली. दम गेला. पण ऐका, मी ती माझ्या मनानं बंद केली नाही. स्टेंट नवा असताना ही गोळी मध्येच सोडली तर त्यात गुठळी होऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. माझ्यासारख्याच एका ओळखीच्या पेशंटला दाताच्या दवाखान्यात “चार दिवस बंद ठेवा” म्हणून सहज सांगितलं होतं. त्यानं विचारलं म्हणून बरं झालं.

राग हा मला ठाऊक नसलेला भाग. बिनमिठाची भाजी बघून ताट सरकवून दिलं एकदा, वाटी जाऊन देवघराच्या उंबऱ्यावर आपटली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. त्याच आठवड्यात वर्कशॉपच्या पोरांनी फोटो पाठवला : माझ्या लेथवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी पांढरं कापड झाकलं होतं. “मालक, मशीन जपून ठेवलंय.” त्यांचा हेतू चांगला. मला मात्र ते धुळीसाठी झाकलेलं कापड दिसलं नाही. फोन पालथा घातला आणि दिवसभर कुणाशी बोललो नाही. मग तसे दिवस वाढत गेले. दाढी नाही, पेपर नाही, भूक नाही.

हे नैराश्य असतं, आणि झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला ते चांगलंच धरतं, हे मुलीनं वाचून दाखवलं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं तर २०१४ सालीच सांगितलं की झटक्यानंतरचं नैराश्य हे पुढच्या धोक्याचं कारण म्हणून धरा, जसं ब्लडप्रेशर धरता तसं. सोपं आहे. ज्याला जगायची इच्छा नाही तो गोळ्या वेळेवर घेत नाही, चालायला उठत नाही, तंबाखूची चंची पुन्हा काढतो. मी चंची काढली होती. वास घेतला आणि ठेवली, खोटं कशाला सांगू. मग मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं गेलो. गल्लीत कळलं तर लोक “याचं डोकं फिरलं” म्हणतील, ही धास्ती हृदयापेक्षा जास्त होती. आता मीच फेसबुकवर लिहितोय, तेव्हा म्हणा खुशाल. चार-पाच वेळा जाऊन बोललो, सुरुवातीला एक गोळी होती. ज्यांना जायला जमत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, २०२२ पासून, फुकट, आणि भाषा निवडता येते.

अंगाची गोष्ट त्यामानानं सरळ होती. पहिल्या आठवड्यात अंघोळ करून आलो की अर्धा तास पडायला लागायचं. अंगणात पाच मिनिटं चालणं, मग दहा, मग गल्लीच्या टोकापर्यंत. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली की वेग कमी. नोव्हेंबर-डिसेंबरची आमची थंडी तुम्हाला माहीत आहे, म्हणून ऊन आल्यावरच बाहेर. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, दंडावर निळे डाग उठतात, याला घाबरायचं नाही पण डॉक्टरांना दाखवायचं. छातीत दुखलं तर घ्यायची जिभेखालची गोळी खिशात असतेच. ती उभ्यानं घ्यायची नाही, बसून, कारण प्रेशर धाडकन उतरतं. छातीतलं पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. लिंबू-सोडा नाही.

एक गोष्ट कुणीच विचारत नाही, म्हणून मी विचारली, तीही मुलगा बाहेर गेल्यावर. नवरा-बायकोचं काय? डॉक्टर म्हणाले, दोन जिने न थांबता चढलात, छातीत काही झालं नाही, तर हरकत नाही. मी म्हणालो, आमचं घर बैठं, जिनाच नाही. शेवटी ठरलं, कपिलेश्वरचा उड्डाणपूल. त्या पुलाचा चढ मी ज्या निष्ठेनं चढलो, तेवढ्या निष्ठेनं कपिलेश्वराच्या देवळाला श्रावणातही गेलो नसेन. (आणि ज्यांना त्या कामासाठी निळी गोळी घ्यायची सवय आहे त्यांनी लाजू नका, डॉक्टरांना सांगा. ती आणि जिभेखालची गोळी एकत्र आली तर माणूस जागच्या जागी कोसळू शकतो.)

बायकोबद्दल लिहायला मी उशीर केला, तसाच तो घरातही केला. सगळे मला विचारायचे, कसं आहे. तिला कुणी विचारलं नाही. मार्चमध्ये एकदा ती स्वयंपाकघरात कुकरसमोर नुसती उभी होती, शिट्ट्या होऊन गेल्या तरी. तिचं वजन सहा किलो उतरलं होतं आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण माझ्या घड्याळात फक्त माझे ठोके दिसत होते. यंदा वटपौर्णिमेला वडाला सात फेऱ्या मारून आली, ताम्हण ठेवलं आणि म्हणाली, “माझं काम मी केलंय. आता गोळ्या वेळेवर तुम्ही घ्या, मी आठवण करणार नाही.” तेव्हापासून खरंच करत नाही. मला ते आवडलं.

कन्नड सिनेमाचा हिरो पुनीत राजकुमार हृदयाच्या झटक्यानं गेला तो दिवस, २९ ऑक्टोबर २०२१, मला आठवतो. ४६ वर्षांचा, व्यायाम करणारा. वर्कशॉपात मराठी-कन्नड सगळी पोरं मशीन बंद करून मोबाईलभोवती उभी होती. मी ओरडलो होतो, “काय करूलाइसा रे, डिस्पॅच हाय आज!” माझ्या मनात आलंच नाही की हे आपल्या घरी येईल. पुढं कर्नाटक सरकारनं त्याच्या नावानं हृदयज्योती योजना काढली, तालुक्याच्या सरकारी इस्पितळात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट देण्यासाठी. खानापूरच्या जंगलातल्या गावांनी ही माहिती भिंतीवर लिहून ठेवावी. बेळगावात पोचेपर्यंत स्नायू वाट बघत नाही.

फेब्रुवारीत पुन्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. ई.एफ. ४८. आता पुढचा ऑगस्टमध्ये. लेथवरचं कापड मी स्वतः काढलं, पण चारच तास उभा राहतो, जड जॉब पोरं चढवतात. पोरांना वाटतं मालक थकला. तसंही असेल.

तर, आम्ही चौघं आहोत. एक बायपासवाले निवृत्त मास्तर, एक वडगावचा मागवाला, एक अनगोळची बाई जिला तीन महिने पित्ताची औषधं दिली होती, आणि मी. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज सकाळी सात वाजता चालायला भेटतो. पावसानं उघडीप दिली नाही तर छत्र्या घेऊन येतो आणि हळू चालतो. तिथं कुणी कुणाला टेन्शन घेऊ नको म्हणत नाही. मास्तर रोज पहिल्यांदा एकच विचारतात, “रात्री भ्या वाटलं काय?” ज्याला वाटलं तो सांगतो. कधी सगळ्यांनाच वाटलेलं असतं. ओळखायची खूण म्हणजे चौघांच्याही खिशात गोळ्यांची एक छोटी डबी वाजते. कुणाला यायचं असेल तर या. सफरचंदं आणू नका.